तुलनागटातलं दही

प्रयोग फसला, असं डॉ. तेजश्री आवटींनी सभागृहात जाहीर केलं तेव्हा दुसऱ्या रांगेत बसलेल्या शरयू भोकरे यांच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. रागानं नव्हे. दोन वर्षांपूर्वी ती मिटतच नसे, म्हणून त्या अधूनमधून उगाच मिटून पाहत.

"दोन्ही गटांतल्या लोकांना बरं वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा सरळ होता. "ज्यांना नवं विरजण दिलं त्यांना जेवढं, जवळपास तेवढंच ज्यांना साधं दिलं त्यांनाही. फरक नाही, म्हणजे आमच्या जिवाणूचा उपयोग नाही. समिती लवकरच प्रयोग बंद करेल. घरी उरलेल्या कुप्या पुढच्या सोमवारी परत आणून द्या."

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. "अहो, पण माझा गुडघा दुखायचा थांबला की! त्याचं काय?"

"त्याचा आनंदच आहे, काकू. पण तो कशानं थांबला, हे आम्हाला सांगता येत नाही."

"मला येतंय की. दह्यानं!"

सभागृह हसलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

ही गोष्ट मिरजेची, आजपासून फार लांब नसलेल्या काळातली. रोग मात्र जुनाच होता, आमवात. माणसाच्या रक्तात एक पहारा असतो. बाहेरून आलेला जंतू ओळखायचा आणि मारायचा, हे त्याचं काम. आमवातात हा पहारा घरच्याच माणसांना चोर समजतो आणि सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतो. सांधा सुजतो, तापतो, हळूहळू वाकडा होतो. या पहारेकऱ्यांचं पुष्कळसं शिक्षण आतड्यात होतं. तिथले काही जिवाणू आपल्याला न पचलेल्या चोथ्यापासून एक साधं आम्ल तयार करतात. ते आम्ल मिळालं की पहाऱ्यातल्या शांत डोक्याच्या पेशी वाढतात आणि बाकीच्यांना आवरतात. डॉ. आवटींच्या संशोधन केंद्रानं ते आम्ल तयार करण्याची कला दह्याच्या जिवाणूला शिकवली होती. गोळीतून दिलेले जिवाणू वाटेतच मरत. दह्यातून ते धडधाकट पोचत.

अडचणी दोन होत्या. हा जिवाणू आतड्यात घर करत नसे, पाहुण्यासारखा येई आणि जाई, म्हणून दही रोज खायला हवं. आणि घरच्या घरी त्याच दह्याचं विरजण लावत गेलं, की थोड्याच दिवसांत हवेतले, भांड्यांतले रानटी जिवाणू त्याला मागे सारत, म्हणून दर आठवड्याला केंद्राची ताजी कुपी हवी. मिरज-सांगलीतल्या शेकडो घरांना अशा कुप्या जात होत्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना नवं विरजण दिलं होतं आणि निम्म्यांना अगदी तशाच दिसणाऱ्या कुपीतून साधं. हा साधा गट म्हणजे तुलनागट. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. रोज सकाळी हातात जाळीदार मोजा घालायचा. तो प्रत्येक सांध्याची ऊब आणि सूज मोजून केंद्राकडे पाठवी.

सभा संपताना गटांची नावं उघड झाली. शरयूताईंच्या फोनवर दोन शब्द आले: साधं विरजण.

त्यांनी ते पुन्हा वाचले. वाचणं हा त्यांचा धंदाच होता. डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली शास्त्राची पुस्तकं त्या एका प्रकाशनासाठी संपादित करत. संगणकाला नुसतं बोलून दाखवलं तरी तो दुरुस्त्या करून देई. पण वाक्य कापायचं तर हातात काहीतरी टोकदार हवं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून त्या शिसपेन्सिलच धरत. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी रविवारच्या अंकात 'पुरावा काय?' हे आरोग्याचं सदर चालवलं. आता घरोघरी भिंतीवर बोलणारा सल्लागार आल्यापासून अशी सदरं कुणी वाचत नव्हतं, पण त्या सदराचं पुस्तक अजून खपत होतं. त्यातलं एक प्रकरण 'बरं वाटणं आणि बरं होणं' यांतल्या फरकावर होतं. औषध समजून साखरेची गोळी घेतली तरी माणसाला काही काळ बरं वाटतं. म्हणून तर तुलनागट लागतो, एरवी कुठलाही भोंदू डॉक्टर ठरेल, असं त्यात ठणकावून लिहिलेलं होतं.

आता त्यांची स्वतःची मूठ भोंदू ठरली होती.

बाहेर पडताना दारात मालनवहिनी दिसल्या. शरयूताईंची मोठी जाऊ. दोघींच्या इमारती एकाच सोसायटीत समोरासमोर, दोघींनाही आमवात, दोघीही या प्रयोगात. आणि सात-आठ वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. मालनवहिनी सांधेदुखीवर एक काढा करून द्यायच्या. लांबलांबून बायका यायच्या. कुणीतरी सदरात त्याबद्दल प्रश्न विचारला. शरयूताईंनी नाव न घेता लिहिलं की यातली एक मुळी यकृताला घातक आहे आणि गुणाचा पुरावा नाही. नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? मिरजेत सगळ्यांना कळलं.

दोघींनी एकाच वेळी मान फिरवली.

---

"मी तुलनागटात होते," घरी आल्यावर शरयूताईंनी नवऱ्याला सांगितलं.

दिगंबरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर कालव्याची गळती शोधण्यात गेलेला माणूस. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे इतके दिवस मी साधं दही खाल्लं, आणि औषध मिळतंय अशा समजुतीनं बरी झाले. मनाचा खेळ."

"असं म्हणाले?" दिगंबररावांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागले.

शरयूताईंनी फ्रीज उघडला. उरलेल्या कुप्या काढल्या. बोटं चालत नव्हती तेव्हापासून दही लावण्याचं काम दिगंबररावांकडे होतं, त्यामुळे त्या कप्प्यात त्या सहसा डोकावत नसत. दह्याच्या पातेल्यामागे विरजणाची वाटी होती. वाचायची सवय भांड्यापाशीही थांबत नाही. वाटीच्या कडेला कोरलं होतं: सौ. मालन य. भोकरे.

"अहो, ही वाटी कुणाची?"

"कुठली?"

"जी तुम्ही बघत नाही आहात, ती."

दिगंबररावांनी फडकं पिळलं. ते कोरडं होतं. "वहिनींची. परत द्यायची राहिली."

"आली कशी, ते विचारतेय."

"अगं, मागच्या वर्षी गौरीजेवणाला कढी केली. सगळं दही संपलं, विरजणापुरतंही राहिलं नाही. कुपी यायला चार दिवस होते. मग मी त्याला विचारलं." त्यांनी भिंतीवरच्या सल्लागाराकडे हनुवटीनं खूण केली. "तर तो म्हणाला, शेजारून थोडं विरजण आणावं. आता शेजारी म्हणजे वहिनीच की."

"एकदाच?"

"पहिल्यांदा एकदाच."

"आणि मग?"

"वहिनींचं दही घट्ट लागतं गं. आपलं पाणी सोडायचं. तूच म्हणालीस, हल्ली दही झकास लागतंय. मग मी..." ते थांबले. "आठवड्यातून एकदा त्यांच्याकडं चक्कर असतेच. दादा गेल्यापासून त्यांचा नळ, दिवा, कायतरी बघावं लागतंच. येताना तीच वाटी भरून आणायचो."

"प्रयोगाचं औषध कुणाला द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही, असं केंद्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं!"

"औषध कुठं घेतलं?" दिगंबरराव मनापासून दुखावले. "कुपीला मी कुणाला हात लावू दिला नाही. हे विरजण होतं."

पुस्तिकेतलं ते वाक्य शरयूताईंना तोंडपाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं. केंद्रानं मूळ मजकूर संपादनाला त्यांच्याकडेच पाठवला होता. त्यात लिहिलं होतं: 'कुपी, कुपीतील द्रव, किंवा त्यापासून लावलेले दही, ताक अथवा विरजण कोणासही देऊ नये वा कोणाकडूनही घेऊ नये.' सरकारी, लांबलचक. शरयूताईंनी पेन्सिल चालवली आणि केलं: 'प्रयोगाचं औषध कुणाला देऊ नका, कुणाकडून घेऊ नका.' वाक्य सुटसुटीत झालं होतं. डॉक्टरांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

कुठल्या घरात विरजणाला औषध म्हणतात? मीठ-काडेपेटीसारखी उसनवारी म्हणतील, शेजारधर्म म्हणतील. दारात वाटी घेऊन आलेल्याला विरजण नाही म्हणायचं नसतं, हे जिला कुणी शिकवलं नाही अशी बाई जिल्ह्यात सापडली नसती. आणि हे आपल्या एका घरात घडलं असेल, तर...

त्या खाली बसल्या. वहिनींना खरी कुपी मिळाली असेल, तर ही मूठ खोटी नव्हती. तुलनागट सुधारला तो मनाच्या खेळानं नव्हे, शेजारणींच्या वाट्यांनी. आणि हे कुणी सांगितलं नाही, तर प्रयोग बंद होणार, कुप्या थांबणार, घराघरांतलं दही महिनाभरात रानटी होणार, आणि आज मिटणारी बोटं पुन्हा लाकडासारखी ताठ होणार. त्यांची, त्या गुडघेवाल्या काकूंची, आणि मालनवहिनींचीही.

"रागावलीस?" दिगंबररावांनी विचारलं.

"वाटी परत का नाही दिलीत इतके दिवस?"

"रिकामी कशी देणार? आणि भरून द्यायची म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस की, कुणासाठी म्हणून."

---

डॉ. आवटींनी सगळं ऐकून घेतलं. पस्तिशीची ही बाई शरयूताईंना 'ताई' म्हणत असे, आणि तिचं जिवाणूंवरचं पहिलंच पुस्तक शरयूताईंच्या पेन्सिलीखालून जात होतं.

"ताई, एका घराची गोष्ट म्हणजे फक्त गोष्ट. हे तुमच्याच पुस्तकात आहे."

"म्हणूनच म्हणते, मोजा. सगळ्यांचे शौचाचे नमुने दर महिन्याला गोठवून ठेवलेत ना तुम्ही?"

"ठेवलेत. पण तपासले फक्त नव्या विरजणवाल्यांचे. जिवाणू पोटात पोचतो का ते बघायला. तुलनागटाचे कशाला तपासायचे? जिथं पेरलंच नाही, तिथं कापणीला कोण जातं?"

"आणि तपासले, तर कुणाच्या घरून आलं ते कळेल?"

डॉक्टर सावरून बसल्या. हे कळणं शक्य होतं. प्रत्येक घराला जाणाऱ्या नव्या विरजणाच्या जनुकसूत्रात केंद्रानं एक वेगळी, निरुपद्रवी खूण विणलेली होती, गाडीच्या नंबरपाटीसारखी. कुप्यांची अदलाबदल झाली तर पकडता यावी एवढ्यासाठी. जिवाणूच्या पुढच्या पिढ्यांतही ती खूण उतरत होती.

"पण समिती मला विचारेल, गोठवलेले नमुने फोडायला कारण काय? संशयाला आधार हवा. आणि आम्ही विचारलं होतं हो लोकांना. दर महिन्याच्या प्रश्नावलीत होतं. औषध कुणाला दिलं का, कुणाकडून घेतलं का. सगळ्यांनी नाही म्हटलंय."

"खरंच सांगितलं त्यांनी," शरयूताई म्हणाल्या. "प्रश्न मी लिहिला होता."

---

सोमवारी लोक कुप्या परत करायला आले. एखाद्या घरचं लग्न मोडावं तसे चेहरे होते. शरयूताई माइकपाशी गेल्या.

"दोनच प्रश्न विचारते. पहिला प्रश्न. प्रयोगाचं औषध कुणी कुणाला दिलं?"

एकही हात वर झाला नाही. उलट काही चेहऱ्यांवर राग दिसला. आम्ही काय तसले आहोत?

"आता दुसरा. विरजण कुणी कुणाला दिलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग तिसऱ्या रांगेतला एक हात वर झाला, त्याच्या शेजारचा झाला, आणि बघता बघता निम्मं सभागृह हात वर करून बसलं.

"ते होय!" गुडघेवाल्या काकू म्हणाल्या. "ते तर देतोच की. त्यात काय विचारायचं?"

"मला या कुलकर्णीबाईंनी दिलं."

"आणि मला यांनी. माझं लागेना झालं थंडीत."

"आमच्यात तर अख्ख्या मजल्याला एकच दही आहे, डॉक्टर."

डॉ. आवटींनी कपाळावर हात मारला. मग त्याच हातानं तोंड झाकलं, कारण त्यांना हसू फुटलं होतं.

"आमच्या घरातही बाहेरचं विरजण आलं," शरयूताई म्हणाल्या. "कुणाकडून, ते मला परवाच कळलं. हे सगळं मी लिहिलेल्या एका आखूड वाक्यामुळं झालं. तुमचा कुणाचा त्यात दोष नाही."

तेव्हा खिडकीकडच्या रांगेतून मालनवहिनी उभ्या राहिल्या. पंचाहत्तरीच्या, बुटक्या, खणखणीत.

"मी दिलं. पाच-सहा घरांना दिलं. त्यातलं एक घर माझ्याशी बोलत नाही." त्यांनी पदर सारखा केला. "पण वाटी दारात आली, की विरजण द्यायचं. वाटीशी काय भांडण?"

त्या खाली बसल्या. कुणी हसलं नाही. शरयूताईंना माइक परत जागेवर लावायला उगाच वेळ लागला.

---

वर झालेले हात म्हणजे पुरावा नव्हे. तपासणीला परवानगी मिळण्यापुरते मात्र ते पुरले. समितीनं निर्णय पुढे ढकलला. नमुने वितळवले गेले, यंत्रातून गेले, आणि काही दिवसांनी डॉ. आवटींनी शरयूताईंना आणि दिगंबररावांना केंद्रात बोलावून पडद्यावर एक नकाशा दाखवला. नवं विरजण मिळालेली घरं हिरवी होती. त्यांच्यातून बारीक रेघा निघून गल्ल्या ओलांडत, जिने चढत, पांढऱ्या घरांत शिरल्या होत्या. तुलनागटातल्या निम्म्याहून जास्त घरांत तो जिवाणू सापडला होता. काही ठिकाणी दही तीन-तीन घरं फिरून आलं होतं.

दिगंबररावांनी चष्मा वर सरकवला. "हे तर आमच्या कालव्याच्या फाट्यांसारखं दिसतंय."

"गळतीसकट," डॉक्टर म्हणाल्या.

ज्या पांढऱ्या घरांत रेघ पोचली होती, तिथली सूज उतरली होती. जिथं पोचली नव्हती, तिथं फारशी हलली नव्हती. शरयूताईंनी आपलं घर शोधलं. त्यांच्या नमुन्यातली खूण समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याची, मालनवहिनींच्या घराची होती. शंकेला जागा नव्हती.

समितीचा निकाल आला तो मोजूनमापून होता, आणि शरयूताईंना तो पटला. औषध सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांची तुलना करायची होती, आणि ते गट आता राहिले नव्हते. शिवाय जी माणसं शेजाऱ्यांकडे वाटी घेऊन जातात, ती एरवीही जास्त हिंडतीफिरती, हसतीबोलती असू शकतात. त्यानंही सांधे सुधारत नसतील कशावरून? म्हणून नवा प्रयोग: एका गावाला एकाच प्रकारची कुपी, आणि दोन गावांत पुरेसं अंतर. मिरजेच्या घरांना कुप्या चालू राहतील, आणि इथं एक वेगळीच पाहणी होईल. काही घरांना कुपी मिळणारच नाही. त्यांनी शेजारून विरजण घ्यायचं आणि कुणाकडून घेतलं तेवढं कळवायचं. उसनं दही किती दूरवर कामाचं राहतं, हे जगात कुणी मोजलेलं नव्हतं.

"तुमच्या घराला कुपी हवी की नको, ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाल्या.

"नको," शरयूताई म्हणाल्या.

नवी पुस्तिकाही त्यांच्याकडेच आली. या वेळी त्यांनी दही, ताक, विरजण हे तिन्ही शब्द ठेवले आणि खाली अजून एक ओळ लिहिली: समजलं नसेल तर विचारा, आमचं वाक्य चुकलं असेल. डॉ. आवटींच्या पुस्तकात एक नवं प्रकरण वाढलं. ऋणनिर्देशाच्या पानावर डॉक्टरांनी 'सर्व सहभागी कुटुंबांचे आभार' असं लिहून पाठवलं होतं. ऋणनिर्देश आखूड आणि खरा असावा, असं शरयूताई प्रत्येक लेखकाला बजावत. इथे मात्र त्यांनी पेन्सिल घेऊन, कापायच्या ऐवजी, भर घातली: 'आणि दारात आलेल्या वाटीला ज्यांनी नाही म्हटलं नाही, त्यांचे.'

---

राहिली होती ती वाटी.

शरयूताईंनी रवा भिजवला. दुपारची कामं उरकली की त्या ताट घेऊन बसत आणि गव्हले वळत. भिजवलेल्या रव्याच्या बारीक दोरीतून, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक. लग्नामुंजीला घरच्या बायका मिळून करतात ते हे काम. भोकऱ्यांच्या घरात लग्न होऊन आल्यावर त्यांना ते मालनवहिनींनीच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी या चिमटीत पेन्सिलसुद्धा ठरत नव्हती. पहिले गव्हले ओबडधोबड झाले, नंतरचे जरा बरे. ताटात मूठभर साठले तेव्हा त्यांनी खीर केली आणि संध्याकाळी वाटी भरून समोरच्या इमारतीचा जिना चढल्या.

दार मालनवहिनींनीच उघडलं. आधी त्यांनी वाटी पाहिली, मग माणूस.

"आणलीस होय. मला वाटलं, वाटीसुद्धा पेपरात छापून परत करशील."

"आत येऊ का?"

"दार उघडं आहे की. आणि काय तोरण लावू?"

त्या स्वयंपाकघरात बसल्या. मालनवहिनींनी चमच्यानं खीर वरखाली केली, दोन गव्हले कडेला घेतले आणि डोळ्यांजवळ नेले. "विकतचे?"

"माझे."

"लहानमोठे झालेत."

"सवय गेली होती."

"बोटं दाखव." त्यांनी शरयूताईंचा हात ओढून घेतला आणि मंडईत भेंडी बघावी तसं एकेक पेर दाबून पाहिलं. त्यांची स्वतःची बोटं थोडी वाकडीच राहिली होती. रोग त्यांच्याकडे बराच आधी आला होता, कुपी येईपर्यंत सांधे वाकले होते. "बरी आहेत," त्या म्हणाल्या, पण हात सोडला नाही.

"वहिनी, एक सांगते. काढा चुकीचाच होता. मी आजही तेच लिहीन."

"लिही की. ती मुळी वाईट, हे मला त्याच साली दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. बंद केला मी काढा. कुणाचं लिव्हर बिघडवून मला काय मिळणार होतं?" मालनवहिनींचा आवाज जरा चढला. "पण तू घरी येऊन सांगायचं होतंस, शरयू. समोरच्या इमारतीत राहते मी. पेपरातून कळवायला मी काय लंडनला होते?"

शरयूताईंनी आयुष्यभर लोकांची वाक्यं कापली होती. या वाक्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतं."

मालनवहिनींनी हात सोडला आणि खीर खायला लागल्या. वेलदोडा कमी पडलाय, असं म्हणाल्या. वाटी पुसून निघाली.

"आभार मानायला आले होते," शरयूताई म्हणाल्या.

"कशाचे?"

"तुमच्या दह्यानं माझे हात बरे झाले."

मालनवहिनींनी वाटी खाली ठेवली, मान तिरकी केली, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न विचारला. "पुरावा काय?"

शरयूताईंनी प्रश्न प्रामाणिकपणे घेतला. त्यांना दुसरं जमतच नव्हतं. "तसा पुरेसा नाही. नवा प्रयोग होऊ दे. अजून वर्षभर तरी लागेल."

यावर मालनवहिनी जे हसायला लागल्या, ते ठसका लागेपर्यंत. शरयूताई उठून पाणी घेऊन आल्या. पेला कुठं असतो, हे त्यांना अजून आठवत होतं.

निघताना त्यांनी पिशवीतून दुसरी एक वाटी काढली. तिच्यावर त्यांचं स्वतःचं नाव कोरलेलं होतं. "आम्हाला कुपी नाही या वेळी. थोडं विरजण द्याल?"

मालनवहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. देवापुढचं निरांजन त्यांनी मघाशीच लावलं होतं.

"दिवेलागण झाली. या वेळेला घरातनं विरजण बाहेर जात नाही. उद्या सकाळी ये." मग, शरयूताई चपला घालत असताना, आतून आवाज आला: "आणि भाऊजींना धाडू नको. तूच ये."

शरयूताईंनी आपली रिकामी वाटी तिथंच ओट्यावर ठेवली होती. ती उचलायला त्या परत आत गेल्या नाहीत.